रंग दिलेली टाकी

धुलाई कारखान्यात त्याला सगळे गंजोबा म्हणायचे. हजेरीपटावर चांगलं घसघशीत नाव होतं, पण ते कुणी पुकारलं तर शेजारच्याला त्याला कोपरानं ढोसून सांगावं लागायचं, "अहो, तुम्हालाच बोलावतायत." बत्तीस वर्षं माणूस एकच काम करत आला होता. गंज खरवडायचा, अस्तर मारायचं, वर रंग द्यायचा. एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा तांबूस पापुद्रे सुटलेले असायचे. मग पुन्हा ब्रश, पुन्हा डबा, पुन्हा शिडी. यात माणूस दमणार नाही तर काय नाचणार?

आणि कारखाना तरी कसला! इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, दिवसभर वाफ, साबणाचं पाणी, पाणी मऊ करायच्या यंत्रातलं मीठ. गंजाला याहून सुखाचं माहेर शोधून सापडलं नसतं. पाइप, जिने, कठडे, टाक्या, ट्रॉल्यांची चाकं, सगळ्यांचं काहीतरी दुखत असायचं आणि प्रत्येकासाठी गंजोबालाच हाक यायची.

शाळेत तो फार टिकला नव्हता, पण धातूंची नाडी त्याला बरोबर कळायची. पितळी व्हॉल्व्ह जागोजागी तांबडा दिसायला लागला की तो फिटरला सांगायचा, "यातलं जस्त पाण्यानं नेलं बघ. नुसतं तांब्याचं पोकळ जाळं उरलंय. पाना लावशील तर हातात येईल." फिटर पाना लावायचाच, आणि व्हॉल्व्ह हातात यायचाच. ॲल्युमिनियमच्या खिडकीवर पांढरी भुकटी धरली की ती कुठल्या लोखंडी स्क्रूपासून सुरू झाली, हे तो बोट ठेवून दाखवायचा. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्यांचं त्याला फार कौतुक. "जस्त आधी स्वतः झिजतं, मग लोखंडाला झळ पोचू देतं," म्हणायचा. "आणि स्टेनलेस म्हणजे तरी काय? लोखंडच की! क्रोमियम, निकेल घातलं की अंगावर दिसणार नाही अशी पातळ साय धरते. त्या सायीखाली ते निवांत बसतं. आपल्याला कुठली आलीय साय!"

आता गुडघे बोलायला लागले होते. उजवा खांदा वर जात नव्हता. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि त्याला काही म्हणजे काही नको होतं. सत्कार नको, भाषण नको. सकाळी उठून कशावरही गंज दिसला तरी तो आपला नाही, एवढंच हवं होतं.

कारखान्यातला वेल्डर त्याचा मेहुणा होता, बायकोचा पाठचा भाऊ. सतराव्या वर्षी बहिणीकडे राहायला आला, तेव्हा गंजोबानंच त्याला इथे आणून जुन्या वेल्डरच्या हाताखाली घातला होता. पोरगा हाताचा हुशार निघाला. आता चाळिशीला आला होता, दोन मुलींचा बाप होता, दोन गल्ल्या पलीकडे त्याचं घर होतं, पण संध्याकाळचा चहा ताईकडेच. गंजोबाला मूलबाळ नव्हतं. तोंडानं तो कधी बोलला नाही, पण त्या मेहुण्यावर त्याचा जीव होता. कारखान्यात कुणी वेल्डिंगची तारीफ केली की हा उगाचच खाकरायचा.

आठ महिन्यांपूर्वी गच्चीवरच्या खोलीतल्या गरम पाण्याच्या दोन्ही टाक्यांचे तळ कुजले. पुरुषभर उंचीच्या साध्या लोखंडाच्या टाक्या. मॅनेजरसाहेबांनी ठरवलं, भिंती ठीक आहेत, फक्त तळ स्टेनलेसचे बसवा. मेहुण्यानं जुने तळ कापले, नवे बसवले, साधं लोखंड आणि स्टेनलेस जोडायला लागतो तो वेगळा रॉड वापरून गोल सांधा मारला. वेणी घातल्यासारखा एकसारखा सांधा. गंजोबा आत उतरून बघून आला आणि त्याला भरून आलं. एवढं देखणं काम, आणि वरच्या भिंती मात्र तशाच उघड्या, गंजायला मोकळ्या! त्याच्यातला रंगारी स्वस्थ बसेना.

कुणी सांगितलं नव्हतं. कामाच्या कार्डावर रंगाचा उल्लेख नव्हता. पण दुसऱ्या एका कामाचा जाड इपॉक्सी रंग उरला होता, तो घेऊन ड्यूटी सुटल्यावर दोन दिवस गंजोबा एक नंबरच्या टाकीत उतरला आणि भिंतींना आतून दोन हात दिले. तळाला नाही. स्टेनलेसला कुणी रंग देतं का? लोक हसतील. दोन नंबरच्या टाकीपर्यंत डबा संपला. "राहू दे, पुढच्या वेळी," म्हणून त्यानं ब्रश धुऊन ठेवला. कुणाला सांगितलंही नाही; मेहुण्याच्या कामावर आपण हात फिरवला, हे सुख त्यानं स्वतःपुरतंच ठेवलं.

आणि परवा-परवाच्या एका सोमवारी सकाळी एक नंबरची टाकी फुटली. फुटली म्हणजे धडाम करून नाही. गच्चीच्या खोलीतून गरम पाणी ओघळत खाली इस्त्रीच्या हॉलमध्ये आलं, बायका किंचाळत बाजूला पळाल्या, घडी घातलेल्या चादरींचा ढीग भिजला. नशीब थोर, कुणाला भाजलं नाही. टाकीला बाहेरून उष्णता राखायचं जाड आवरण होतं, त्याच्या खालच्या कडेनं, बरोबर सांध्याच्या रेषेवरून पाणी टपकत होतं. मॅनेजरसाहेबांनी टॉर्च मारला आणि निकाल देऊन टाकला.

"वेल्डिंग फेल. सरळ आहे. उद्या खाली कुणी उभं असतं तर?"

मेहुण्याला चौकशी होईपर्यंत कामावरून बाजूला केलं. चौकशी बारा दिवसांनी, शनिवारी, बाहेरच्या तपासनीस बाई येणार तेव्हा. दोष सिद्ध झाला तर वेल्डरचं प्रमाणपत्र जाणार. तोपर्यंत त्यानं टाकीच्या खोलीत पाऊलही ठेवायचं नाही.

टाकी रिकामी करून आत साफसफाई करायला मंगळवारी कुणाला धाडलं असेल? दुसरं कोण जाणार त्या बिळात! गंजोबा हँडलॅम्प घेऊन उतरला. मेहुण्याचा सांधा फुटला हे त्याच्या पचनीच पडत नव्हतं. त्यानं तारेचा ब्रश मारून सगळा सांधा घासला, हातोडीनं टकटक करत गोल फिरला. सांधा जसाच्या तसा. मग त्याला भोकं दिसली. सांध्यात नव्हती; पाणी बाहेरच्या आवरणाआडून ओघळून सांध्याशी टपकलं होतं, एवढंच. सांध्याच्या चार बोटं वर, त्याच्या रंगाच्या भिंतीत, टाचणीपासून हरभऱ्याएवढी सहा भोकं. बाकी रंग नव्यासारखा, नखानंही निघत नव्हता. त्यानं खडूनं भोकांभोवती गोल काढले आणि मागे सरकून बघितलं. भोकं दोन-दोनच्या जोडीनं होती. प्रत्येक जोडीतलं अंतर सारखं.

ते अंतर त्याला ओळखीचं वाटलं. हातातच होतं की ते! त्यानं आपली शिडी आडवी करून भिंतीला लावली. शिडीचे दोन्ही लोखंडी पाय बरोबर एका जोडीवर बसले. गुळगुळीत तळावरून शिडी घसरू नये म्हणून रंग देऊन वर चढताना त्यानं तिचे पाय तीन वेळा तीन जागी भिंतीला रेटून ठेवले होते. तिथे रंगाला ओरखडे पडले होते, आणि त्या ओरखड्यांतच लोखंड आरपार खाल्लं गेलं होतं.

तो तिथेच तळावर बसला. मग उठून शेजारच्या दोन नंबरच्या टाकीत वरून लॅम्प सोडला. ती भरलेली होती, पण पाणी नितळ होतं. तोच तळ, तोच रॉड, तोच हात. फक्त रंग नाही. भिंती सगळीकडून सारख्या तांबूस, पातळ गंज धरलेल्या, आणि भोक एकही नाही.

त्याला एकदम त्याचा जुना मिस्त्री आठवला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी वारलेला माणूस. तो सांगायचा, "दोन धातू पाण्यात एकमेकांना चिकटून असले आणि रंग एकालाच पुरत असला, तर जो गंजत नाही त्याला दे." सगळे हसायचे, म्हातारा दुपारीच घेऊन येतो म्हणायचे. गंजोबाही हसला होता. आता टाकीच्या तळाशी बसून त्याला त्यातलं शहाणपण उमगलं. उघडा मोठा स्टेनलेसचा तळ आपल्या शेजारच्या साध्या लोखंडाला खात राहतो. मिठाचं गरम पाणी असलं तर अधाशासारखा खातो. अख्खी भिंत उघडी असेल तर ते खाणं भिंतभर वाटलं जातं, वर्षानुवर्षं चालतं. पण भिंत झाकून टाकली आणि नेमके सहा ओरखडे उघडे ठेवले, तर अख्ख्या तळाची भूक त्या सहा ओरखड्यांवर. दहा जणांनी उचलायचं ओझं एकाच्या डोक्यावर दिलं, तर त्याची मान मोडणारच.

म्हणजे टाकी मेहुण्यानं फोडली नव्हती. गंजोबानं फोडली होती, आणि तीही मायेनं.

आता इथे माणूस बाहेर येऊन ओरडेल, "अहो, चूक माझी!" असं आपल्याला वाटतं. गंजोबा बाहेर आला, त्यानं खडूचे गोल ओल्या फडक्यानं आधीच पुसले होते. साफसफाई झाली म्हणून रजिस्टरवर सही केली आणि घरी गेला. का? त्याला विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. चार महिने राहिले होते. न सांगता केलेलं काम, न लिहिलेला रंग. बत्तीस वर्षांत त्याच्या रंगाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि शेवटी नाव राहणार ते टाकी फोडणारा म्हणून. आणि खरं सांगायचं तर तो थकला होता. खरं बोलायलाही अंगात त्राण लागतं. त्यानं स्वतःची समजूत घातली, तपासनीस बाई येतील, आत उतरतील, त्यांना दिसेलच. आपण कशाला?

घरात वातावरण गढूळ झालं होतं. बायको भांडी आपटत होती. "माझा भाऊ असलं काम करणारच नाही," ती म्हणायची. "तुम्ही आत उतरला होतात ना, तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

"अंधार होता," गंजोबा म्हणायचा.

"हँडलॅम्प घेऊन गेला होतात ना?"

तो चहाच्या कपात बघत बसायचा. समोर मेहुणा बसलेला असायचा. पहिले दोन दिवस मेहुणा चिडला, मॅनेजरला शिव्या घातल्या. मग गप्प झाला. मग एका संध्याकाळी त्यानं आपला उजवा हात टेबलावर पसरला आणि म्हणाला, "भावोजी, बघा हो, हा थरथरतोय का? मला वाटतं, हात गेला असेल माझा. आपल्याला कळत नाही, बाकीच्यांना कळतं. किती सांधे मारलेत मी या हातानं. आता बॉयलरचे आठवतात, जिन्याचे आठवतात. झोपच लागत नाही."

हात अजिबात थरथरत नव्हता. गंजोबा म्हणाला, "दमलायस तू. थोडी विश्रांती घे." एवढंच. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो उठून मोरीत गेला आणि उगाच तोंड धुतलं.

शुक्रवारी मेहुणा कोरा कागद घेऊन आला. "लिहून देतो मी. चूक माझीच, म्हणून. वाद नको, चौकशी नको, बाईंनी दहा जणांसमोर विचारायला नको. वॉचमनचं काम मिळतंय, ते बघतो. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा."

अक्षर चांगलं होतंच. कारखान्यातल्या 'गरम पाणी, सावधान' पासून 'थुंकू नये' पर्यंत सगळ्या पाट्या गंजोबाच्याच हातच्या. बायको दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. गंजोबानं पेन घेतलं. आपण अमुक अमुक वेल्डर, आपल्या हातून सांध्याच्या कामात हलगर्जी झाली, ती मान्य आहे. सगळं लिहिलं. काना, मात्रा, वेलांटी, कुठे चूक नाही. मेहुण्यानं खाली सही केली आणि म्हणाला, "सुटलो बघा एकदाचा." पण सुटलेल्या माणसाचं तोंड तसं नसतं.

शनिवारी मॅनेजरच्या खोलीत मॅनेजर, तपासनीस बाई, मेहुणा, आणि टाकी साफ करणारा म्हणून गंजोबा. मॅनेजरनी कागद बाईंपुढे सरकवला. "कबुली दिलीय. आता आत उतरायची काही गरज दिसत नाही." बाईंनी चष्मा लावला. वाचता वाचता सहज म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे हो तुमचं." मेहुणा मान खाली घालून म्हणाला, "भावोजींचं आहे."

आणि तिथे गंजोबानं खुर्ची मागे सारली. तो उभा राहिला. "तो कागद खोटा आहे," तो म्हणाला. "सांधा शाबूत आहे. भोकं रंगाच्या भिंतीत आहेत. रंग मी दिला होता, कुणाला न विचारता."

मॅनेजर आधी हसलेच. "गंजोबा, रंगानं भोक पडतं? बत्तीस वर्षं मग तुम्ही इथं काय केलंत? मेहुण्यासाठी जीव तुटतो, ते कळतं हो, पण काहीही बोलाल का?"

"दोन नंबरची टाकी रिकामी करा," गंजोबा म्हणाला. "तिला रंग नाही. बघा काय दिसतं ते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही टाक्या रिकाम्या करायला लावल्या, पाणी निवल्यावर स्वतः आत उतरल्या, आणि अर्ध्या तासानं गुडघ्यांना गंज फासून बाहेर आल्या. "बरोबर आहे यांचं," त्या म्हणाल्या. "वेल्डिंगला दोष नाही. झाकायचाच होता तर तळ झाकायला हवा होता. ही चूक शिकलेले लोकही करतात. किंबहुना जास्त काळजी घेणारेच करतात." मॅनेजरनी कागद फाडून टाकला. गंजोबाच्या नावावर लेखी ताकीद आली, आणि वर चहाही आला.

मग काय विचारता! कारखानाभर झालं की गंजोबानं निवृत्तीच्या तोंडावर सगळं अंगावर घेऊन मेहुण्याला वाचवलं. इस्त्रीच्या बायका वळून वळून बघायला लागल्या. घरी बायकोनं बारा दिवसांनी त्याच्याकडे बघून हसून वाढलं. मेहुण्यानं तर त्याला मिठीच मारली, असा रडला की शर्टाचा खांदा भिजला. "माझ्या हाताला काही झालं नव्हतं, भावोजी! तुम्हाला आदल्या रात्री सुचलं का हो ते? की ऐन वेळेला?" गंजोबा म्हणाला, "जेव आधी." सगळे हसले. रविवार असाच गेला. कुणी काही विचारत नव्हतं, नुसतं कौतुक चाललं होतं, आणि तो ताटातला भात इकडून तिकडे सारत होता.

सोमवारी एक नंबरच्या टाकीला आतून पट्टी मारायची होती. मेहुणा शीळ घालत सामान लावत होता. नियमाप्रमाणे बाहेर झाकणाशी एक माणूस लॅम्प धरून लागतो, तो गंजोबा. मेहुणा आत उतरायच्या बेतात असताना गंजोबा म्हणाला, "मला मंगळवारीच कळलं होतं."

"कुठल्या मंगळवारी?"

"टाकी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी. शिडी लावून बघितली होती मी. खडूचे गोल काढले होते. पुसले."

मेहुण्यानं शीळ थांबवली. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "म्हणजे मी हात दाखवला तेव्हा..."

"हो."

"आणि शुक्रवारी तो कागद लिहिताना?"

"तेव्हाही."

मेहुण्यानं हातमोजे चढवले. ओरडला असता तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तर गंजोबानं ती प्रसादासारखी घेतली असती. मेहुणा फक्त म्हणाला, "ताईला सांगू नका. ती तुमच्याशी परत बोलायची नाही." आणि मास्क उचलून आत उतरला.

तेवीस वर्षं दोघं एकमेकांच्या शेजारी काम करत आले होते. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी बघायचा नसतो, म्हणून रॉड टेकवायच्या आधी मेहुणा दर वेळी ओरडायचा, "भावोजी, डोळे!" पहिल्या दिवशी जुन्या वेल्डरनं शिकवलं होतं, ते कधी चुकलं नव्हतं. घाईत असला तरी, भांडण झालेलं असलं तरी. गंजोबा लॅम्प धरून, झाकणातून आत बघत, ती हाक यायची वाट बघत राहिला. हाक आली नाही. एकदम पांढराशुभ्र उजेड झाला. गंजोबाला मान वळवता आली असती. त्यानं ती बऱ्याच वेळानं वळवली.

संध्याकाळी त्याचे डोळे सुजले, वाळू भरल्यासारखे खुपायला लागले, पाणी खळेना. बायकोनं थंड पाण्याच्या घड्या आणून डोळ्यांवर ठेवल्या. चहाची वेळ टळून गेली होती आणि मेहुणा आला नव्हता.

"बत्तीस वर्षं झाली, अजून उजेडाकडे बघता?" ती म्हणाली. "आणि त्यानं ओरडून सांगितलं नाही का?"

"सांगितलं होतं," गंजोबा म्हणाला. "मीच बघत राहिलो."